ठिपके न मिळालेला सुरा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले की मी पौडच्या बाजारात कोयते घडवणाऱ्या शिकलगार चाचांचे सांगतो. ऐकणाऱ्याला ते जरा विचित्र वाटते. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, पौडच्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलेला. अशा माणसाने एखाद्या मुख्याध्यापकाचे किंवा प्राध्यापकाचे नाव घ्यावे अशी अपेक्षा असते. त्यांचेही उपकार मी विसरलेलो नाही. पण चाचांनी मला जे दिले ते देण्याची त्यांच्यावर कसलीच सक्ती नव्हती, आणि त्याच्या बदल्यात माझ्या हातून त्यांच्या वाट्याला जे आले, ते आठवले की आजही माझे डोके तापते. आधी प्रदर्शन भरवणाऱ्या त्या समितीवर तापते. मग माझ्यावर.

माझे वडील मुळशीच्या धरणावरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावीत. ऐनाची लाकडे तोडायची, रचायची, वरून मातीने लिंपून आतल्या आत जाळायची. त्यांच्या कमरेला पाठीमागे लाकडी आकडी असे आणि तिच्यात कोयता अडकवलेला. तो कोयता चाचांच्या हातचा होता. मी बी.ए. होऊन आलो त्याच वर्षी वडील गेले. तेव्हा तो कोयता धार लावून लावून जेमतेम दोन बोटे रुंद उरला होता. थोरल्या भावाने तो वापरातून काढून मला दिला. त्याच्यापेक्षा तो मीच जास्त वेळ हातात धरून बसतो, हे त्याने पाहिले असावे. असा एक आपण करून पाहावा, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

मी चाचांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक भट्टी, एक ऐरण, पाण्याची दगडी कुंडी आणि सहाण. चाचा साठीच्या पुढचे. एका डोळ्याची पापणी ठिणगीने भाजून कायमची अर्धी मिटलेली.

"चाचा, मला कोयता करायला शिकवाल का?"

"कुणाला पायजे कोयता?"

"मलाच."

"मास्तर, फळ्यावर लिवायला कोयता लागतोय व्हय आता?"

"छंद म्हणून, चाचा."

"छंद म्हंजी काय?"

"म्हणजे आवड म्हणून. पोटासाठी नाही."

त्यांनी भट्टीतला निखारा सांडशीने उलटा केला आणि जरा विचार केला. "म्हंजी बिघडलं तरी तू उपाशी ऱ्हानार न्हाईस. मंग तू लई बिघडवशील. ये ऐतवारी."

समोर एक कापडवाले होते. त्यांना माझी मोठीच करमणूक झाली. पहिल्याच रविवारी मी घामाने निथळत भाता ओढत होतो, तर ते गल्ल्यावरून ओरडले, "ओ मास्तर, बी.ए.ला भात्याचा पेपर हुता का?"

माझ्याआधी चाचाच बोलले. "हुता की. त्यात नापास झालाय, म्हून हितं आलाय फेरपरीक्षेला."

पुढची दोन वर्षे सुट्टीचा दिवस मी त्या पत्र्याखाली काढला. मोडक्या ट्रकच्या कमानीचे पाटे आणायचे, लाल करायचे, छिन्नीने तोडायचे आणि घणाखाली लांबवायचे. मला मोठ्या पात्यांचाच नाद होता. पहिला कोयता मी वाकवला. दुसरा ठोकताना चिरला. तिसरा झाला तो चाचांनी हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "ह्यानं शाळंची घंटा वाजव." तरी त्यांनी कधी एक पाते माझ्यासाठी पुरे करून दिले नाही. माझ्या हातातला हातोडा काढून घेतला नाही. चुकत असलो की फक्त "हं" म्हणायचे. ते "हं" कुठल्या चुकीचे, हे मी शोधायचे.

सगळ्यांत अवघड काम पाणी देण्याचे. तापलेले पाते कुंडीत बुडवले की ते कडक होते, हे कोणालाही कळते. चाचा पाते सबंध बुडवीत नसत. फक्त धार पाण्याला लावायची, पाठ तापलेलीच ठेवायची, मग बाहेर काढून पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे उतरू द्यायची. लोखंडावर वाळल्या गवतासारखा पिवळट रंग चढला की झाले. त्या रंगाची वाट पाहणे हेच त्यांचे सगळे शास्त्र होते. मला ती वाट पाहवत नसे.

आणि त्यांचा एक रिवाज होता. मुठीजवळ पात्यावर ते तीन ठिपके मारीत. ती त्यांची खूण. पण नव्या पात्यावर ते कधीच मारीत नसत. कोयता न्यायचा, एक सबंध पावसाळा त्याने काम करायचे, आणि दिवाळीनंतर तो परत दाखवायला आणायचा. धार उडालेली नसली, पाते वाकलेले नसले, तर ठिपके. नाही तर कोयता भट्टीत, आणि गिऱ्हाइकाला दुसरा. मुळशी खोऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही परीक्षा काय आहे ते कळेल. चार महिने लोखंड कोरडे होत नाही. म्हणूनच चाचा कोयत्याला चकाकी देत नसत. भट्टीतून आलेला काळा थर तसाच ठेवायचा, धारेपुरते घासायचे. धंदा शिकलगाराचा, वाडवडिलांनी तलवारींना झिलई दिलेली, आणि मी कोयता चमकवायला काचकागद काढला की हे म्हणायचे, "त्यात काय भांग पाडायचाय? काळं हाय तवर गंज येत न्हाई."

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात ग्रामीण कारागिरीचे प्रदर्शन भरायचे ठरले. एक समिती नेमली गेली. पाठोपाठ असेही जाहीर झाले की पौडला तरुणांसाठी प्रशिक्षणवर्ग निघणार, आणि लोहारकाम शिकवणारा निदेशक प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्यांतून निवडणार. ही बातमी मीच चाचांना वाचून दाखवली. त्यांचा मुलगा पिंपरीला कारखान्यात यंत्रावर लागला होता. तो परत ऐरणीवर येणार नव्हता. भट्टी त्यांच्यामागे विझणार हे सगळ्या बाजाराला ठाऊक होते. त्यांनी निखाऱ्यांवर राख ओढली. मग विचारले, "पोरं देत्याल का रं मला शिकवायला? खरीखुरी शिकणारी?"

ते एवढेच त्यांनी कोणाकडून कधी मागितलेले मी ऐकले.

प्रदर्शनाचा अर्ज मी भरला, त्यांचा आणि माझाही. हौशी कारागिरांनाही त्यात जागा होती. नियम मी मोठ्याने वाचले. त्यात एक होता, की वस्तू नवीन असावी.

चाचा हसले. "नवा कोयता कोन दावतो? त्यो काय पास झालाय व्हय? उद्या मोडला तर त्वांड कुटं लपवू?"

मी काय करायला हवे होते? "चाचा, हे लोक तसे पाहत नाहीत. एक नवा कोयता घडवा, तुमच्या नियमाबाहेर, एकदाच," असे पायाशी बसून सांगायला हवे होते. मला नियमाचा अर्थ कळत होता. शिक्षण त्याचसाठी घेतले होते. पण माझा स्वतःचा हातभर लांब सुरा तेव्हा तयार होत आला होता. त्याला मी चोरून काचकागद मारला होता आणि तो आरशासारखा झाला होता. तो टेबलावर कसा दिसेल, यातच माझे मन होते. मी एकदा म्हटले, "नियम आहे चाचा." ते म्हणाले, "असंल." आणि मी तिथेच सोडून दिले.

चाचांनी काय केले? त्यांनी वाड्या-वस्त्यांवर निरोप धाडले आणि ठिपके पडलेले सात कोयते दोन दिवसांच्या बोलीवर मागून आणले. पंधरा-पंधरा वर्षे चाललेले. काळे, झिजलेले, मुठी हाताच्या घामाने गुळगुळीत झालेल्या. त्या सातांतला एक माझ्या वडिलांचा, थोरल्या भावाने माझ्याकडून मागून त्यांना नेऊन दिलेला. आपल्या कामाचा याहून मोठा पुरावा त्यांना ठाऊक नव्हता, आणि खरे सांगायचे तर याहून मोठा पुरावा असतही नाही.

प्रदर्शन आमच्या शाळेच्या दोन वर्गांत मांडले होते. टेबलाशी समितीचा कारकून बसला होता. त्याने कोयत्यांची चवड बघितली आणि विचारले, "बाबा, भंगारवाला पलीकडं बसतो. हे हितं का आणलं?"

"परदर्शनाला," चाचा म्हणाले.

"ह्यातला नवा कुठला?"

"एकबी न्हाई. समदे पास झालेलं हायेत."

कारकुनाने माझ्याकडे पाहून डोळा मारला. सुशिक्षिताने सुशिक्षिताला मारावा तसा. मग त्याने चिठ्ठीवर लिहिले, "जुनी वापरलेली हत्यारे", आणि कोयते खिडकीखाली जमिनीवर ठेवायला लावले. माझा सुरा मधल्या टेबलावर हिरव्या कापडावर गेला.

परीक्षक आले. तिघे होते. माझा सुरा तिघांनी उचलला, त्यात तोंड पाहिले. खिडकीखाली एकजणही वाकला नाही. मी तिथेच उभा होतो. "एकदा हे बघा," एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

दोन दिवस संपले, पण बक्षीस द्यायला येणारे पाहुणे अडकले, म्हणून प्रदर्शन एक दिवस वाढले. तिसऱ्या दिवशी सकाळीच वरच्या वाडीची एक बाई आली. सरळ खिडकीखाली गेली, सातांतला एक कोयता उचलला आणि कमरेच्या आकडीत अडकवून चालू लागली. कारकून धावला.

"ए बाई! ठेव ते! प्रदर्शनातली वस्तू हाय!"

"परदर्शन तुझं. कोयता माजा हाय."

"पाहुणे येऊन गेल्याबिगार काय हलवायचं न्हाई."

"पावना लाकडं तोडून देनार हाय का मला? दोन दिसाच्या बोलीवर दिला. आज तिसरा."

"असं कर," कारकून चेष्टेने म्हणाला आणि माझा सुरा दाखवला, "आजच्या दिवस हा ने. बघ कसा चमकतोय."

तिने सुरा घेतला. नखाने धारेवर टिचकी मारून कानाशी नेला. मग परत हिरव्या कापडावर ठेवला. "ह्यो लाकडाला लावला की दात पाडंल. कुनी केलाय?"

मी हिरव्या कापडाची सुरकुती सारखी करू लागलो. चाचांनी खाली वाकून बाकीचे कोयते सरळ लावले. आणि ती आपला कोयता घेऊन निघून गेली. सबंध प्रदर्शनात खरे परीक्षण करणारी तेवढी एक बाई आली, आणि कारकुनाने वहीत लिहिले की एक वस्तू परस्पर नेण्यात आली.

दुपारी पाहुणे आले. लोहारकामाचे पहिले बक्षीस मला मिळाले. पाहुण्यांनी सुरा उंच धरला, उन्हात तो झळकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, सुशिक्षित माणसाने हाताला काम लावले की कामात कशी सफाई येते पाहा. आपल्या अडाणी कारागिरांनी यांचा आदर्श घ्यावा. ज्यांच्यासमोर हे बोलले गेले ते कारागीर मागच्या ओळीत मांडी घालून बसले होते. चाचा त्यांच्यात होते. आणि मी प्रशस्तिपत्र दोन्ही हातांनी घेतले, वाकून नमस्कार केला आणि खाली उतरलो. बोलता येत नव्हते असे नाही. वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसे मिळवलेला मी माणूस. त्या दिवशी त्या सगळ्या लोकांपुढे मी एक वाक्यही उच्चारले नाही.

बाहेर चाचा उरलेले कोयते सुतळीने बांधत होते. मला पाहून म्हणाले, "चांगलं झालं. माज्या भट्टीचंच हाय." एवढेच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

पंधरवड्यात मला समितीचे पत्र आले. लोहारकामाच्या वर्गाचे निदेशक म्हणून माझी निवड झाली होती! दोन वर्षांत नीट चाललेले एकही पाते न घडवलेला मी. पत्र घेऊन मी कचेरीत गेलो. अधिकारी सभ्य होते, चहा मागवला.

"साहेब, ही जागा माझी नाही. मी ज्यांच्याकडे शिकतो त्यांची आहे."

"ते शिकलगार? त्यांनी तर जुना माल आणला होता."

"तो त्यांचा माल पंधरा वर्षे टिकलेला होता, साहेब."

"बरं, मॅट्रिक आहेत का ते?"

"त्यांना सही येत नाही."

"मग हजेरीपट कोण भरणार? अहवाल कोण लिहिणार?" ते खरोखरच गोंधळून माझ्याकडे पाहत होते. "अहो गुरुजी, तुम्हांला लिहिता येतं, कामही येतं. तुमच्यासारखा माणूस मिळतो कुठं? दिवाळीपर्यंत विचार करा. जागा ठेवतो."

हजेरीपटासाठी लोहार हवा होता! मी ताडताड निघून आलो. नंतर चाचांसाठी रीतसर अर्ज केले, दोनदा. शिक्षणाची अट शिथिल करता येत नाही, असे दोन्हींना एकाच मजकुराचे उत्तर आले. जूनमध्ये मी पुण्याला शिक्षकांच्या बी.टी.च्या वर्गाला गेलो. यातले काही मी चाचांना सांगितले नव्हते. काय तोंडाने सांगणार? ते प्रत्येक भेटीत विचारीत, "पोरांचं काय झालं रं मास्तर?" मी म्हणे, अजून ठरत नाही.

सुरा मी थोरल्या भावाला दिला होता. दिवाळीला गावी गेलो तर तो सांदीत टाकलेला. अंगभर गंज, आणि धारेचे तीन ठिकाणी टवके उडालेले. भाऊ म्हणाला, "तुजं बक्षीस दात इचकतंय बघ. आषाढातच गेलं. मी आपला चाचाचा दुसरा आनला." टवके का उडाले हे मला लगेच कळले. पाणी देताना मी पाते सबंध बुडवले होते, आणि पिवळ्या रंगाची वाट पाहिली नव्हती. चाचांनी तेव्हा "हं" म्हटले होते.

पुण्याला परतल्यावर मी समितीला नकार कळवला, प्रशस्तिपत्र त्याच पाकिटात घालून परत केले, आणि चाचांना पत्र लिहिले. सुरा पत्राबरोबर पौडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला. त्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली आहे, ती इथे उतरून देतो.

"चाचा, तुम्हांला सलाम आणि चाचींना नमस्कार.

हे पत्र कोणाकडून तरी वाचून घ्याल, पण घरात वाचून घेऊ नका. बाजाराच्या दिवशी, दुकानात माणसे असताना, समोरच्या कापडवाल्यांना बोलावून त्यांच्याकडून मोठ्याने वाचवा. ते वाचताना हसले तरी चालेल. मी लोकांपुढे गप्प बसलो, म्हणून हे लोकांपुढेच वाचले गेले पाहिजे.

प्रदर्शनात मला मिळालेले बक्षीस तुमच्या कोयत्यांचे होते. परीक्षकांनी ते उचलूनसुद्धा पाहिले नाहीत. मी जवळ उभा होतो आणि बोललो नाही. त्याआधी नवीन वस्तूचा नियम मी तुम्हांला वाचून दाखवला, पण त्याचा अर्थ समजावला नाही. कारण माझा सुरा पुढे यावा असे मला वाटत होते. हे तुम्हांला ठाऊक असेल. तुमच्यापासून लोखंडातली चूक लपत नाही, ही कशी लपेल?

पोरांचे काय झाले, असे तुम्ही विचारता. मी अजून ठरत नाही म्हणायचो, ते खोटे होते. वर्गाची जागा त्यांनी मला देऊ केली होती. तुम्हांला लिहिता येत नाही म्हणून तुम्हांला देत नाहीत. मी भांडून पाहिले, जमले नाही. आज नकार पाठवला. आता ती जागा रिकामी राहील, किंवा दुसऱ्या कोणाला मिळेल. तुम्हांला पोरे मिळणार नाहीत, चाचा. त्यांच्यावरचा राग माझ्यात मावत नाही.

सोबत सुरा पाठवला आहे. त्याचे टवके पाहा. वरच्या वाडीच्या त्या बाई बाजाराला आल्या तर त्यांनाही दाखवा आणि सांगा, की कोणी केलाय असे तुम्ही विचारले होते, त्याने आज उत्तर धाडले आहे.

त्यावर ठिपके मागत नाही. तो भट्टीत घाला. नाताळच्या सुट्टीत मी येतो, तोवर ते लोखंड तसेच राहू द्या. त्याचा कोयता मलाच करू द्या. या वेळी धारच बुडवीन, आणि रंग येईपर्यंत हलणार नाही. तो भावाला देईन. पावसाळा काढला तर पुढच्या दिवाळीला तुमच्यापुढे आणून जमिनीवर ठेवीन. मग काय ते तुम्ही ठरवा.

तुमच्याकडे शिकणारा तूर्त एकच आहे, आणि तो छंदाचा आहे.

तुमचा,
फेरपरीक्षेचा मास्तर"